दिसायला हवी होती ती कडा

मी एक जुनी लादी आहे, मित्रांनो, आणि मधोमध दुभंगलेली आहे. त्यामुळे माझी गोष्टही तुकड्यांतच सांगावी लागेल.

डावा तुकडा

तुमच्या आजी-आजोबांनी ज्या काळ्या पाटीवर बाराखडी गिरवली, त्याच जातीचा माझा दगड. वेल्समधल्या एका डोंगराच्या पोटातून मला इडवालने काढलं. चाळीस वर्षं तो त्या खाणीत छिन्नी चालवत होता. खाण बंद झाली त्या दिवशी त्याने मला घरी आणलं. मग कितीतरी वर्षं मी परसात भिंतीला टेकून पावसात भिजत उभी होते.

पुढे त्याची बायको नेस्टा हिला अर्धांगाचा झटका आला. ती उजवा पाय ओढत चालू लागली. तिला सारखी थंडी वाजे. म्हणून इडवालने ओंडके जाळायची लोखंडी शेगडी आणली आणि तिच्याखाली मला बसवलं. नेस्टाला ठेच लागू नये म्हणून लाकडी जमीन कापून त्याने मला फळ्यांच्या अगदी पातळीत बसवलं. सांध्यावरून नख फिरवत तो म्हणाला, "बघ, कुठं अडकतंय का?"

"माझा पाय अडकला नाही म्हणजे झालं," नेस्टा म्हणाली. "नखाचं कौतुक खाणवाल्यांना सांग जा!"

मला फार अभिमान वाटला होता, मित्रांनो.

मग शेगडी नियमाप्रमाणे बसवली आहे का ते बघायला कौन्सिलची तपासनीस आली. कारिस तिचं नाव, त्याच गावची. तिने टेप लावून मापं घेतली. "जाडी बरोबर आहे. शेगडीच्या दारापुढे दीड वीत दगड हवा, तोही आहे. पण काका, दगड कुठं संपतो ते दिसतच नाही. कडा दोन बोटं तरी वर घ्या."

"तुझ्या जन्माआधीपासून दगड बसवतोय मी."

"म्हणून तर इतकं सुरेख झालंय. पण कडा नसली की माणसं वर सतरंजी ओढतात."

"आणि कडा असली की माझी बायको पडते!"

कारिसने टेप गुंडाळली. "काकूंना धरायला कठडा करू. मी येते मदतीला. पण दाखला मिळेपर्यंत पेटवू नका."

तिने लिहून दिलेला सूचनांचा कागद इडवालने घड्याळामागे खोचला आणि त्याच संध्याकाळी शेगडी पेटवली.

भेग

फेब्रुवारीतली दुपार होती. इडवाल परसात लाकडं फोडत होता. शेगडीपुढे बसलेल्या नेस्टाच्या पायांना माझी पुढची बाजू गार लागली. तिने चिंध्यांची सतरंजी पुढे ओढली. मी कुठे सुरू होते ते तिला कळलंच नाही. ओंडका घालायला तिने शेगडीचं दार उघडलं आणि एक निखारा उडून सतरंजीवर पडला.

तो माझ्यावर पडला असता, तर विझला असता. त्यासाठीच तर मी होते.

इडवाल धावत आला. त्याने बादलीभर पाणी ओतलं. शेगडीखाली तापलेली मी तडकले. भाजलेल्या नेस्टाला दवाखान्याच्या गाडीतून नेलं. ती परत आली नाही.

उजवा तुकडा

कारिस भेटायला आली, तेव्हा तिने नियमाचं अवाक्षर काढलं नाही. इडवालनेच विचारलं, "किती बोटं म्हणालीस?"

"राहू दे काका, आज नको."

"नाही. सांग."

त्याने माझे दोन्ही तुकडे सिमेंटवर शेजारी शेजारी बसवले, जमिनीपासून दोन बोटं वर. मधली भेग त्याने बुजवली, पण ती दिसते. या वेळी सांध्यावरून त्याने नख फिरवलं नाही. कारिसने दाखला दिला. तोही घड्याळामागे गेला.

त्या संध्याकाळी लाकडं घेऊन येताना इडवालच्या पायाचा अंगठा माझ्या कडेवर आपटला. तो झोकांडला. भिंत धरून कसाबसा सावरला. ओंडके घरंगळत गेले, तरी तो तसाच उभा राहिला.

मग रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "नेस्टा, लागली गं ठेच."

मित्रांनो, आगीपुढची कडा पायात येते म्हणून ती घासून टाकू नका. तिच्यावर काही अंथरूही नका. ठेच लागली तर तिला खुशाल शिव्या द्या. पण तिला राहू द्या.