पडद्याची तिसरी झडप

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे; तो थाट माझ्या नशिबी कुठला! मी सोलापूरच्या एका बायकांच्या दवाखान्यातला, लाकडी चौकटीचा, तीन झडपांचा पडदा. आज अडगळीच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभा आहे. आयुष्य सरत आलं, पण मी नेमका कशासाठी होतो, याचा उलगडा मला अजून पुरता झालेला नाही. तुम्हाला सांगता सांगता झाला तर बघू.

एकोणीसशे तीसच्या सुमारास सिद्धाप्पा सुतारानं मला घडवलं. सागवानाच्या चौकटी जोडल्या, बिजागऱ्या ठोकल्या आणि इथल्याच गिरणीचं मांजरपाटाचं जाडं कापड त्यांवर ताणून बसवलं. काम झाल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "बायामाणसांची अब्रू आता तुज्या हातात हाय बग." मला हात नाहीत, हे त्याला कोण सांगणार? तरी मी फुशारलो.

दवाखान्यात शिकाऊ नर्सांचा वर्ग वॉर्डातच भरे. रत्नम्मा सिस्टर शिकवीत. रोगी खाटेवर असतानाच खालची चादर कशी बदलायची, नाडी कुठं धरायची, काचेच्या नळीतला पारा कसा वाचायचा, सगळं त्या हाताला धरून दाखवीत. अंग पुसायचा धडा मला पाठच होता. एक हात उघडा करायचा, पुसायचा, झाकायचा, मग दुसरा. आणि या सगळ्याआधी मी. "आधी पडदा, मग पाणी," हे त्या मुलींकडून रोज घोकून घेत.

माझा गोंधळ इथूनच सुरू झाला. मला खाटेजवळ नेलं की काही बाया लाजून हसत, तर काही डोळे मिटून देवाचं नाव घेत. कधी मला बाजूला सारलं की आत बाई न्हाऊनमाखून बसलेली दिसे. कधी मला सारलं की चार माणसं तिला उचलून नेत. कापड तेच, बिजागऱ्या त्याच, मीही तोच. मग मी माणसं झाकतो की मारतो? विचार करकरून माझं डोकं भणाणून जाई.

अशात सांगोल्याकडची बनाबाई आली. मेंढरांमागं रानोमाळ फिरलेली काटक बाई, पण मुदतीच्या तापानं, म्हणजे टायफॉइडनं, पार झोपवली होती. त्या काळी या तापावर हमखास औषध नव्हतं. थंड पाण्यानं पुन्हा पुन्हा अंग पुसून ताप उतरवायचा, एवढंच हाती होतं. ते काम चंद्रव्वाकडे आलं. ही अक्कलकोटकडची विशीतली शिकाऊ पोर, हाताची चलाख आणि प्रश्न विचारून सिस्टरांना भंडावणारी.

चंद्रव्वानं मला खाटेजवळ आणलं मात्र, बनाबाई उठून बसली आणि दोन्ही हातांनी मला ढकललं. मी पडता पडता वाचलो.

"त्यो पडदा हितं न्हाय आणायचा," ती म्हणाली. "आणलास तर चालत गाव गाठीन."

वीस खाटांच्या वॉर्डात बाईला उघडं कसं करायचं? दुपारी पारा एकशे चारच्या वर गेला. सिस्टर म्हणाल्या, "पडद्याशिवाय पुसायचं नाही. आणि पुसल्याशिवाय ही वाचायची नाही." चंद्रव्वा बिचारी कात्रीत सापडली.

मग तिनं एक नवल केलं. मला शेजारच्या रिकाम्या खाटेभोवती लावलं, स्वतः आत जाऊन निजली आणि वर्गातल्या मैत्रिणीकडून हातपाय पुसून घेतले. बाहेर येऊन म्हणाली, "बग मावशी, जित्ती हाय की मी."

"तू धडधाकट हायस. तू भाईर येणारच," बनाबाई म्हणाली. मग तिनं समोरच्या खाटेकडे बोट केलं. "परवा समोरच्या म्हातारीला लावला. लावला आन् समदी निघून गेली. आतनं ती पाणी मागत हुती. मला ऐकू येत हुतं, पर मला उठवंना. कुणीबी आलं न्हाय. सकाळी तिला उचलून न्हेलं."

त्या दिवशी मला लावून गेल्या होत्या त्या रत्नम्मा सिस्टरच. आता त्या बनाबाईच्या खाटेच्या पायाशी उभ्या होत्या. वीस खाटांना त्या एकट्या, हे खरं. त्यांनी मान खाली घातली. म्हातारीचा आवाज मीही ऐकला होता, मित्रांनो. मला वाटत होतं, मी तिची अब्रू राखतोय. मला फार लाज वाटली.

चंद्रव्वा बनाबाईच्या खाटेवर जाऊन बसली. माझ्या दोन झडपा तिनं लावल्या, तिसरी तशीच ठेवली.

"मी आत बसलीया. आता ही तुज्या हातानं वड."

बनाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि झडप ओढली. चंद्रव्वा एकेक हात, एकेक पाय पुसत गेली. मधूनच बनाबाई मिटल्या डोळ्यांनी विचारी, "हायस न्हवं?" आणि ही म्हणे, "हाय की." तासाभरात पारा दोन अंशांनी उतरला.

पुढं अठरा दिवस हे चाललं. डोक्यावरचे केस गेले, पण बनाबाई जगली. घरी जाताना चंद्रव्वाच्या गळ्यात पडून रडली. माझ्याकडे मात्र तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, पण तिचंही बरोबरच होतं.

त्यानंतर नव्या मुली शिकायला आल्या. सिस्टरांनी मला पुढं ओढलं. जुन्या मुलींनी सवयीनं सुरू केलं, "आधी पडदा, मग पाणी."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "आधी तुम्ही आत. शेवटची झडप आतूनच लावायची."

एका मुलीनं विचारलं, "का, सिस्टर?"

सिस्टरांनी माझ्या चौकटीवर हात ठेवला.

"मी एकदा बाहेर राहिले होते," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आता माझं कापड विरलंय, एक बिजागरी निखळलीय. मी माणसं तारली की मारली, हे मला आजही धड सांगता येत नाही. आडोसा मी देऊ शकलो, सोबत मला कधी जमली नाही. म्हणून या जुन्या पडद्याची एवढी विनंती ऐका. कुणा आजाऱ्याभोवती पडदा ओढाल, तेव्हा तुम्ही आत असा.