डेंटिस्टचा पोळा

प्रल्हादला कीर्तनाचं भारी वेड. ऑस्ट्रेलियातल्या स्प्रिंगफील्ड लेक्सच्या कम्युनिटी हॉलमध्ये कीर्तन असलं की माइक, मिक्सर, स्पीकर सगळं याचं. बुवांचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला की याचे डोळे भरून आलेच म्हणून समजा. पोटासाठी मात्र हाच माणूस लग्नांना, क्लबांना आणि वर्षातून दोनदा रोडिओला, म्हणजे उधळत्या वळूवर टिकून बसायच्या खेळाला, साउंड लावायचा.

तिथंच त्याने डेंटिस्टला पाहिलं. तांबडाबुंद, दाराएवढ्या छातीचा वळू. स्वारांचे दात पाडतो म्हणून हे नाव. लोखंडी पिंजऱ्यात त्याच्या छातीभोवती दोर आला, दोराखाली घंटा लोंबली, मग मागच्या पायांपुढे कमरेला पट्टा आवळला. कुणीतरी विजेची कांडी टेकवली आणि दार उघडलं. पट्टा झटकायला ते जनावर जीव खाऊन उसळत राहिलं. आठ सेकंदांनी स्वार उतरला, पण वळू कठड्यावर आदळून गुडघ्यावर बसला. तो उठेना, तेव्हा दोघांनी त्याची शेपटी पिरगाळून त्याला उठवला. निवेदक म्हणाला, आज डेंटिस्टला भूल द्यायची राहिली वाटतं. सगळं मैदान हसलं. तो विनोद प्रल्हादच्याच स्पीकरमधून गेला होता. हात बटणावर असूनही त्याने आवाज खाली केला नाही.

ते मनाला लागलं ते लागलंच. वळूचा मालक बॅरी म्हणाला की गुडघा गेलाय, आता पुढच्या मंगळवारच्या गाडीने कत्तलखाना. प्रल्हादने मिनतवाऱ्या करून त्याला वळू सोडायला राजी केलं. मग बूना गावाजवळ शेत असलेली मॉरीन गाठली. म्हातारी भली होती, पण घरात नातवंडं. माणसांत शांत उभा राहिला तरच ठेवीन, म्हणाली. प्रल्हादला वाटलं, देवानेच वाट दाखवली. चार दिवसांवर पोळा होता. मराठी मंडळातली वीस-पंचवीस माणसं तिच्या शेतावर न्यायची आणि डेंटिस्टची पूजा करायची. त्याहून मोठी परीक्षा कुठली?

“घरात मांजर नको म्हणतोस, आणि निघालास वळू सोडवायला,” त्याची बायको सरिता म्हणाली. पण पुरण तिनेच वाटलं.

शनिवारी दुपारी बॅरीने गाडीची फळी खाली टाकली. डेंटिस्ट लंगडत उतरला आणि छोट्या कुंपणात उभा राहिला.

“अर्धा तास, मेट,” बॅरी म्हणाला. “शांत राहिला तर हिचा. नाहीतर मी मंगळवारपर्यंत थांबत नाही, इथूनच नेतो.”

मंडळी कठड्याबाहेर उभी राहिली; सरिताने तिथूनच ओवाळून ताट आत सरकवलं. मॉरीनने स्टुलावर बसून कठड्यातून पुरणपोळी पुढे केली, ती त्याने खरखरीत जिभेने उचलली. म्हातारी लहान मुलीसारखी हसली. पंचवीस मिनिटं झाली होती.

प्रल्हादने आत जाऊन त्याच्या गळ्यात घुंगुरमाळ बांधली. घुंगरं वाजली तसे डेंटिस्टचे कान ताठ झाले, कातडीवरून थरथर गेली.

“बघ,” प्रल्हाद सरिताला म्हणाला, “सण कळतो त्याला.”

मग त्याने चार दिवस खपून शिवलेली, आरशांची झूल पाठीवर घातली. मोकळ्या माळावरचा वारा तिला टिकू देईना. मॉरीनने स्टुलावरून उठून फोटोसाठी फोन काढला, तेवढ्यात झूल पुन्हा घसरली. प्रल्हादने खांद्यावरचं उपरणं काढलं, मागच्या पायांपुढून कमरेभोवती घेतलं आणि गाठ आवळली. सैल राहू नये म्हणून चांगली दोन्ही हातांनी आवळली.

गाठ मायेची की माराची, हे जनावराने कशावरून ओळखावं?

डेंटिस्ट चारी पायांनी उसळला. प्रल्हाद कठड्यावर फेकला गेला. ताट, निरांजन, झूल, सगळं खुरांखाली गेलं. मागच्या लाथेने कठड्याची फळी तुटली आणि मॉरीनच्या स्टुलाचा चुरा झाला. बॅरीने फटीतून हात घालून उपरण्याचं टोक ओढलं. गाठ सुटली आणि डेंटिस्ट जागच्या जागी थांबला. धापा टाकत त्याने इकडेतिकडे पाहिलं. गाडीची फळी खालीच होती. काम झाल्यावर जायचं कुठे हे त्याला ठाऊक होतं. कुणी न हाकता, दुखरा पाय ओढत तो वर चढला.

“अजून एकदाच संधी दे,” प्रल्हाद म्हणाला. मॉरीन स्टुलाच्या काटक्यांकडे पाहत होती. तिने नकारार्थी मान हलवली.

“त्याची काही चूक नाही,” बॅरी म्हणाला. “तू काम सांगितलंस, त्याने केलं.”

प्रल्हादने गाडीच्या गजांतून हात घातला. डेंटिस्टने मान खाली आणली आणि माळ सोडायला जणू गळा पुढे केला. पण ती गाठही त्याने चांगली आवळली होती, सुटेना. बॅरीला उशीर होत होता.

गाडी निघाली. हयातभर आवाज लांबवर पोचवणाऱ्या प्रल्हादला ती घुंगरं हायवेच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिली.