गारठलेला राव आणि माळ्यावरचा मी

मित्रांनो, मी एक जुना टेबललॅम्प आहे. पत्र्याची हिरवी टोपी, हवी तशी वाकणारी मान आणि आत जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब. आधीच सांगतो, मी वैतागलेला आहे. का, ते ऐका.

दुकानातून निघालो तो थेट एका घड्याळजींच्या टेबलावर आलो. मोठे नेमके गृहस्थ. तिळाएवढा स्क्रू चिमट्याने असा उचलत की पाहत राहावे. तीस वर्षे मी त्यांना उजेड दिला आणि रोज एकच बोलणे ऐकले, "फार तापतोस रे बाबा." उष्णतेने घड्याळातले तेल सुकते, म्हणून मला हातभर लांब ठेवत. पुढे त्यांच्या सुनेने पांढऱ्या, थंड उजेडाचा नवा दिवा आणला आणि माझी रवानगी त्याच खोलीच्या माळ्यावर झाली. गरज सरो, वैद्य मरो!

माळ्याच्या कडेवरून खालचे सगळे दिसे. तोच तर ताप झाला.

एकदा सुनेचा भाऊ काचेची पेटी घेऊन आला. पेटीत दोन वीत लांबीचा, काटेरी दाढीचा पाळीव सरडा. "चार दिवस सांभाळ ताई, लगेच नेतो," म्हणाला आणि गेला तो गेलाच. फोन केला की नवा वायदा. त्याच्याकडेही सरड्याचे हालच झाले असावेत. कातडी सुरकुतलेली, शेपटीच्या मुळाशी हाडे वर आलेली, अर्धवट निघालेली कात बोटांना चिकटलेली. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. या बिचाऱ्याच्या अंगात तेवढीही धाव उरली नव्हती. "हे ध्यानही माझ्याच गळ्यात," असे म्हणत सुनेने पेटी धुतली. तो कोणाकडे ढुंकूनही पाहत नसे, म्हणून घड्याळजींनी त्याचे नाव राव ठेवले.

मग घड्याळजींनी त्याची सेवा मांडली. सेवा कसली, दुरुस्तीच ती. थंडीचे दिवस, त्यात आभाळ भरलेले, आणि यांनी पेटी ठेवली खोलीतल्या सर्वांत गार कोपऱ्यात! नाजूक वस्तू उष्णतेपासून दूर ठेवायची, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेले. धूळ जाऊ नये म्हणून जाळीच्या झाकणावर पातळ कापड. उजेडाला तो पांढरा दिवा. चिमट्यात किडा धरून ते तासभर रावाच्या तोंडाशी नेत बसत. राव तोंड उघडत नसे.

मी वर चरफडत होतो. अहो, तो गारठलाय! पण दिव्याचे कोण ऐकतो? माझ्या टोपीवर धूळ साचत गेली आणि खाली राव दिवसागणिक खंगत गेला. शेवटी त्याने डोळे उघडणेही सोडले. तेव्हा सून त्याला चपलांच्या खोक्यात घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. परतली ती तणतणतच.

"बाबा, त्याला बाहेरून ऊब लागते. ऊब नसली तर खाल्लेलं पचतच नाही, म्हणून खात नाही. आठवडाभरात खाल्लं नाही तर आशा सोडा म्हणाल्या."

"अगं, मी तर एवढं जपलं त्याला."

"घड्याळासारखं जपलंत."

रावासाठीचा खास दिवा यायला दहा दिवस लागणार होते आणि हातात होते सात. मग कितीतरी महिन्यांनी घड्याळजींनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. स्टुलावर ते चढू लागले, तर सून म्हणाली की आता तुम्ही पडू नका, आणि स्वतःच चढली.

तिने मला पुसले, वायर तपासली, बटण दाबले. बल्बची तार टिकली असेल की नाही, या धास्तीने माझाच जीव टांगणीला लागला होता. पण पेटलो! झाकणावरचे कापड गेले. पेटीच्या एका टोकावर मला वाकवले, म्हणजे नको झाले तर रावाला सरकायला दुसरे टोक मोकळे. मी जीव ओतून तापत होतो आणि हे महाशय हलायला तयार नाहीत! असा संताप आला म्हणून सांगू!

तिसऱ्या दिवशी राव सरपटत माझ्याखाली आला आणि अंग पसरून पडला. सहाव्या दिवशी त्याने चिमट्यातला किडा गट्ट केला. सून मटकन स्टुलावर बसली. डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे आता रोज किडे मीच आणायचे ना?" पुढे घड्याळजींनी कोमट पाण्यात भिजवून, सर्वांत बारीक चिमट्याने एकेका बोटावरची कात अलगद सोडवली. त्या हातांना तोड नाही, हे मीही मान्य करतो.

राव टुणटुणीत झाल्यावर भावाचा फोन आला, न्यायला येऊ का म्हणून. सून म्हणाली, "चार दिवसांनी ये." ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

मित्रांनो, जीव जरूर लावा, पण आपल्या सवयीने लावू नका. ज्याला बोलता येत नाही त्याला काय हवे, ते जाणत्याला विचारा. आणि अधूनमधून माळ्यावरही एक नजर टाका.

आता घड्याळजी रोज सकाळी माझ्याखाली तळहात धरून ऊब पाहतात. परवा तसेच उभे असताना पुटपुटले, "चुकलंच रे माझं."

पाहत होते रावाकडे. पण दुसरा हात माझ्या मानेवर होता.