गोठलेल्या तळ्यावरचं हाइन्केल

हाल्वरच्या घरी फोन वाजायचा तो फक्त रविवारी, आणि तोही जर्मनीहून. बायको गेल्यापासून गावात त्याच्याशी बोलायला दुकानदारीण तेवढी उरली होती, आणि तिचं बोलणं ‘चीज किती देऊ’च्या पुढे सरकत नसे. युद्धात नॉर्वेत पडलेली जर्मन विमानं जुन्या फोटोंवरून ओळखायची, हा त्याचा नाद. गावाला तो खुळेपणा वाटे. रविवारी फोन करणाऱ्या गेर्लिंडला मात्र वाटत नसे.

गेर्लिंडचे वडील चाळीस सालच्या एप्रिलमध्ये हाइन्केल विमानातून निघाले ते परतलेच नाहीत. तिची थोरली बहीण वाल्ट्राउट, आता अंथरुणाला खिळलेली, जन्मभर एकाच धास्तीत जगली होती, की बाबा जळून मेले. हाल्वरकडच्या एका फोटोत त्याच्याच गावच्या गोठलेल्या तळ्यावर एक हाइन्केल पोटावर बसलं होतं, आणि बर्फातून चौघांची पावलं सरळ जंगलाकडे गेली होती. विमानावर ‘एच’ दिसत होतं, बाकीची अक्षरं बर्फाखाली. वडिलांच्या विमानावरही ‘एच’च, पण पिवळं, असं त्यांनी घरी लिहिलं होतं. फोटोतलं होतं काळंकुट्ट. तिथेच सगळं घोडं अडलं होतं.

“काय हो, लागला का छडा?” गेर्लिंड दर रविवारी विचारायची.

“छे! भिंगातून बघून बघून डोळे जायची वेळ आली.”

“गेले तर गेले. तुमच्या गावात बघायला आहे काय? बर्फच ना?”

असं म्हणून ती हसायची, आणि त्या हसण्यावर त्याचा आठवडा निघायचा.

मग एका रविवारी सकाळी त्याची नजर फोटोतल्या मागच्या घरावर गेली. ओप्सालांचं घर. आजोबांच्या काळापासून पिवळं. गावात पत्ता सांगायचा तो त्या पिवळ्या घरावरूनच. ते पिवळं आहे हे इतकं ठाऊक, की फोटोत ते त्याने कधी बघितलंच नव्हतं. तिथे ते कोळशासारखं काळं होतं. जुन्या फिल्मवर पिवळा रंग असा काळा उठतो, हे त्याने स्वतःच कितीजणांना शिकवलं होतं! परक्याने निदान विचारलं तरी असतं, घराला काळा रंग कोण देतं म्हणून.

म्हणजे ‘एच’ पिवळंच. आणि त्या महिन्यात पिवळ्या ‘एच’चं एकच हाइन्केल बेपत्ता होतं. हाल्वरने आनंदाने टेबलावर थाप मारली. मग त्याची नजर फोनकडे गेली. उत्तर मिळाल्यावर ही बाई फोन कशाला करेल?

चार वाजता फोन वाजला.

“अजून नाही,” तो म्हणाला. “पुढच्या रविवारी बघू.”

“ताई रोज विचारते हो.”

“बघू म्हटलं ना.”

पुढच्या रविवारी फोन आला, पण तिचा आवाज बसलेला होता.

“आता नका शोधू. ताई बुधवारी गेली. शेवटपर्यंत तेच, बाबा जळले, बाबा जळले.”

गप्प बसता आलं असतं. तिला कधीच कळलं नसतं. पण त्याला स्वतःची लाज वाटली.

“गेर्लिंडबाई, ते विमान तुमच्या वडिलांचंच. जळलं नव्हतं. चौघंही आपल्या पायांनी चालत गेले.”



“कधी कळलं तुम्हाला?”

“गेल्या रविवारी. सकाळी.”

“मी तर चारला फोन केला होता.”

“वाटलं, सांगितलं तर तुम्ही पुन्हा करणार नाही.”

“केला असता हो,” ती म्हणाली. “मला तरी दुसरं कोण होतं?”

आणि तिने फोन ठेवला.