कडू पिंपाची परीक्षा

फेस

विलायती बियरच्या पिंपाचं बूच निघालं तेव्हा फेस बाळासो इंगवल्याच्या मिशीवर उडाला. दोन्ही हात पिंपाला लावलेले, म्हणून मिशी त्यानं जिभेनं पुसली.

बाळासो कोल्हापूर संस्थानच्या साहेबी पाहुण्यांच्या बंगल्यावर कोठीवाला होता. कोठीचा नियम एकच: आतल्या दारूला ज्याची जीभ लागेल त्याची नोकरी गेली. मिशी पुसणं म्हणजे जीभ लावणं होतं का? नीट ठरवावं म्हणून त्यानं एक पेला भरला.

पहिला घोट काडेचिराइतासारखा कडू. दुसरा त्याहून. पेला संपता संपता कडूच्या मागून काहीतरी आलं. लिंबाच्या सालीसारखं, ओल्या रानासारखं. काय ते बघायला दुसरा पेला लागला. दुसऱ्यानंतर बाळासो कोठीच्या पायरीवर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपलं काम आवडलं.

चव

हा भाग सध्या मोकळा. ज्याला चव माहीत आहे, त्याला सांगता येत नाही.

वास

नवे सुपरिंटेंडंट त्रिंबकराव परचुरे पुण्याहून आलेले. दारूबंदीच्या सभांत भाषणं केलेले. त्यांनी पिंपाशी नाक नेलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"नासलंय. उन्हात ठेवलंत ना इंगवले? रविवारी महाराजांचे पाहुणे येताहेत, त्यात कर्नलसाहेब आहेत. त्यांना हे पाजायचं?"

"न्हाई साहेब, ही कडूच असती. बोटीनं येताना नासू नये म्हणून हिच्यात वेलाची कडू फुलं घालत्यात. कडकबी करत्यात."

"कोण म्हणतं?"

"एका सार्जंटाचा खानसामा म्हनला हुता."

"ते ऐकीव झालं. ही चांगली आहे, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

बाळासो दोन्हीकडून अडकला. माल नासका ठरला तर हलगर्जीपणाबद्दल नोकरी जाणार. चांगला म्हणावा, तर कशावरून म्हणतोस, याचं उत्तर द्यावं लागणार आणि मग त्याबद्दल नोकरी जाणार.

"पंच बोलवू या साहेब," तो म्हणाला. "गावातली मोठी मानसं."

रंग

दुपारी बंगल्याच्या व्हरांड्यात दोन पंच आले. नेमिनाथ मगदूम, शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. ढेपेवर नख ओढून ते नंबर लावत, आणि त्यांच्या नंबरावर पेठ चाले. मौलाली अत्तार, शंभर कुप्यांतून एक भेसळ नाकानं काढणारे. दोघांच्या शब्दाला वजन होतं. वजन होतं म्हणून बोलावलं, आणि वजन होतं म्हणूनच दोघांपैकी एकही पेल्याला ओठ लावणार नव्हता.

नेमिनाथांनी पेला उन्हात धरला. "रंग एक नंबर. आमच्या बावड्याच्या गुळावानी. काळपट न्हाई, रवा सोनेरी."

"याला रवा असतो?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"गुळाला असतू की. मी गुळाचंच सांगनार. दुसरं मला काय कळतंय?"

मौलालींनी डोळे मिटून हुंगलं. "सालीचा वास हाय. राळ हाय. वर ओलं गवात. नासलेल्या मालाला असा वास येत न्हाई साहेब. नासलं की वास एकच उरतो."

"झालं तर मग," बाळासो घाईनं म्हणाला.

"काय झालं? प्यायची वस्तू आहे. कोणी प्यायलंय का?"

दोघे पंच एकमेकांकडे बघू लागले. नेमिनाथ म्हणाले, "मौलालीभाई, तुमी?"

"तोबा! तुमीच घ्या की शेटजी, गुळावानी हाय म्हंता."

चव, दुसऱ्यांदा

बाळासोनं फाटकावरच्या पहारेकऱ्याला हाक मारली. ज्ञानू रोज संध्याकाळी मोहाची प्यायचा आणि भिंतीला धरून घरी जायचा, हे सगळ्या कोल्हापूरला माहीत होतं. त्रिंबकराव पुण्याचे, त्यांना कुठून? ज्ञानू काहीही चांगलंच म्हणणार, हा बाळासोचा हिशोब.

"पी," त्रिंबकराव म्हणाले.

ज्ञानूनं पेल्याकडे बघितलं. मग सुपरिंटेंडंटसाहेबांकडे बघितलं. नवा साहेब, दारूचा वैरी, समोर खुर्ची टाकून बसलाय आणि म्हणतोय पी. हे आपल्याला पकडायलाच चाललंय, याबद्दल ज्ञानूला तिळभर शंका उरली नाही.

त्यानं एक घोट घेतला. तोंड असं वाकडं केलं की डावा डोळा कानाला टेकायला आला. थुंकला. फेट्याच्या शेमल्यानं जीभ पुसली. "आई गं! असलं घान मानूस पितू व्हय? साहेब, मला चूळ भराय पानी द्या!"

"बघितलंत?" त्रिंबकराव पंचांना म्हणाले. "तोंड खोटं बोलत नाही."

मौलाली खाली बघत म्हणाले, "तोंड तर लईच वाकडं झालं."

नेमिनाथांनीही मान हलवली. समोर झालं ते झालं. डोळ्यांना दिसलेलं नाकारायचं कसं?

"ओतून टाका गटारात," त्रिंबकराव म्हणाले.

दोन गडी पिंपाकडे निघाले. आता गप्प राहिला असता तर बाळासोची नोकरी जायचीच होती. पण त्या क्षणी त्याला नोकरी आठवली नाही. त्याला दुसरा पेला आठवला.

"हात लावू नगा!" तो पिंपाला आडवा झाला. "एका घोटावर कुनी ठरवतंय व्हय? पयला कडूच लागतू. अर्धा पेला झाला की मागनं लिंबू येतंय, मग राळ, मग जीभ कोरडी हुती आनि परत मागती. दुसऱ्या पेल्याला तर..."

गडी जागीच थांबले.

"अशी साक्ष हवी होती," त्रिंबकराव हळूच म्हणाले. "स्वतः प्यायलेल्या माणसाची. माल उत्तम आहे, मान्य. मगदूम, अत्तार, आपलं काय मत?"

"उत्तम," दोघे म्हणाले.

"मग पिंप आत न्या. इंगवले, किल्ल्या ठेवा."

किल्ल्या द्यायच्या कुणाला, हा प्रश्न फार वेळ राहिला नाही. दारूच्या एका घोटानं ज्याला एवढी शिसारी येते असा माणूस दोन पंचांसमक्ष सिद्ध झालेला होता. ज्ञानूनं दोन्ही हातांनी किल्ल्या घेतल्या. रडू आवरत.

मागे राहिलेली चव

रविवारी कर्नलसाहेबांनी तीन पेले रिचवले आणि असली बियर मुंबईतही मिळत नाही म्हणाले. त्रिंबकराव नम्रपणे म्हणाले, "आमच्या कोठीवर पिणारा माणूसच ठेवत नाही, साहेब."

मागे बियरचा जग धरून उभा असलेला ज्ञानू थुंकी गिळत होता. नव्या साहेबांची नजर दर घटकेला त्याच्या तोंडाकडे जाई, विश्वासानं.

जरा वेळानं तो परसातल्या कुंपणाशी आला. बाहेर बाळासो उभा होता. कामच काही नव्हतं, म्हणून आला होता.

"बाळासो, जरा चाखून सांगा की," ज्ञानूनं कुंपणातून पेला पुढं केला. "नवं पिंप फोडलंय. बरं हाय का न्हाई, मला कसं कळावं? मी तोंड लावलं तर संपलो."

बाळासोनं घोट घेतला. डोळे मिटले. तोंडात फिरवला.

"पयल्यापेक्षा फिकं. बूच ढिलं हाय, दाबून बसीव. हे आधी संपीव."

"व्हय," म्हणून ज्ञानू आत पळाला.

पेला बाळासोच्या हातातच राहिला. त्यात अजून अर्धा होता.