शेगडीमागचा अडकलेला पंखा

मी शेगडीच्या पाठीमागून बोलतोय. समोरच्या काचेआड ज्वाळा नाचतात, त्यांच्याकडे सगळे टक लावून बघतात. माझ्याकडे कोण बघणार? मी पडलो पत्र्याच्या झाकणाआड. लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जळल्या की त्यांचा धूर ओढायचा आणि नळीतून घराबाहेर फेकायचा, हे माझं काम. मी फिरलो नाही तर ही शेगडी पेटतच नाही. तेव्हा मिजास कुणी करायची ते तुम्हीच ठरवा.

कारखान्यातून मी थेट या घरात आलो. घरधनी बस चालवायचे. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. आई होत्या तोवर शेगडी त्याच बघायच्या. आग विझली तरी मी बराच वेळ फिरत राहतो, ते त्यांना माहीत होतं. "राहू दे त्याला, आत धूर उरलाय," म्हणायच्या.

आई गेल्या आणि शेगडी बाबांच्या हाती आली. जन्मभर बस चालवलेला माणूस! गाडी उभी राहिली की इंजिन बंद, हा त्यांचा नियम. ज्वाळा विझली रे विझली की खस्सकन विजेचा प्लग ओढायचे. "आग गेली, मग हा गडी कुणासाठी फिरतोय?" अहो, उरलेल्या धुरासाठी! पण मला विचारतो कोण? धूर आतच कोंडायचा, काजळी माझ्या पात्यांवर बसायची, ओल धरून दगडासारखी घट्ट व्हायची. शेवटी एका सकाळी मी नुसताच गुरगुरलो आणि जागचा हललो नाही.

बाबा कोट घालून, कानटोपी चढवून तसेच गारठ्यात बसून राहिले. मुलीला कळवलं नाही. ती दवाखान्यात नर्स आहे. सुट्टीच्या दिवशी आली, बाबांचा हात धरला आणि भडकलीच.

"हात आहे की बर्फ? बास झालं. माझ्याकडे चला."

"तुझं घर चांगलंच आहे गं. पण ते तुझं आहे."

"मग ऐका. मेकॅनिक आठवडाभर येणार नाही म्हणतोय. संध्याकाळपर्यंत शेगडी पेटली तर राहा इथे. नाही तर मुकाट्यानं चलायचं, कायमचं."

"कबूल," बाबा म्हणाले. ते दिलेला शब्द मोडत नाहीत.

झाकण निघालं, वायरी सुटल्या. पण माझे बोल्ट गंजून बसलेले. बाबांचे हात थरथरतात. पाना सटकला आणि त्यांची बोटं सोलली.

"सरका, मी बघते."

"हे इंजेक्शन नाही, नर्सबाई."

"दिसतंय. इंजेक्शनला पेशंट निदान ओरडतो तरी!"

तिनं बोल्टांवर तेल सोडलं आणि ते मुरेपर्यंत बाबांच्या बोटांना पट्टी बांधली. मग बाबा खुर्चीतून सांगत राहिले, "आधी किंचित घट्ट कर, मग सैल. जोर लावलास तर मुंडी तुटेल." बोल्ट सुटून आले, मी मात्र चिकटूनच. माझ्यामागची, फट बुजवणारी गॅस्केटची चकती उष्णतेनं पत्र्याला घट्ट धरून बसली होती. तिनं पातळ सुरी फिरवली, लाकडानं हळूहळू ठोकलं, आणि मी एकदाचा अख्खा बाहेर आलो.

बाबांकडे पाठ करून ती खिडकीपाशी बसली. काजळी खरवडली, दांड्यावर तेल टाकलं, पातं ढकललं. मी हललो नाही. पुन्हा ढकललं. आणि मी फिरलो. इतका हळू, की ते फक्त तिला आणि मला कळलं.

"काय गं, गेला का तो?"

तिनं अंगठ्यानं मला दाबून धरलं. 'गेला' एवढंच म्हणायचं होतं. बाबा एका शब्दानं हुज्जत न घालता तिच्याबरोबर गेले असते आणि तिच्या जिवाचा घोर मिटला असता. मी तर भंगारातच गेलो असतो. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. पण तिचीही मला दया येत होती.

"फिरतोय, बाबा," ती म्हणाली. आणि तिनं अंगठा उचलला.

तिनं बाजारातून नवं गॅस्केट आणून मला परत बसवलं. संध्याकाळी शेगडी पेटली. मी आपणहून थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही, हेही तिनं बाबांना दरडावून सांगितलं.

ती निघताना बाबांनी विचारलं, "मघाशी इतका वेळ गप्प का होतीस?"

"तुम्हाला खोटं सांगावं का, विचार करत होते."

तिनं दार उघडलं तेव्हा बाबा म्हणाले, "पुढच्या वेळी हा अडकला ना, तर दुरुस्त करायचा नाही. मी येईन तुझ्याकडे."

म्हणून हल्ली मी जपून फिरतो. बेअरिंग करकरतं, फार दिवस काढीन असं वाटत नाही. एवढा हिवाळा मला फिरू द्या, बाबांना आपल्या घरात राहू द्या. पुढचं त्या दोघांचं ठरलंय.