चार बोल्ट

दोन खिळे. अर्ध्या बोटाएवढे.

भिंतीला टेकवून ठेवलेलं एक दार.

न्हाव्याच्या दुकानातला फोटो: नावेत बसलेला माणूस, पाठ आपल्याकडे, तोंड उसळत्या पाण्याकडे.

हिरव्या रंगाचा डबा, वर जाड साय धरलेला.

‘मी केलेलं काम आहे ते.’ हे वाक्य मिस्त्री पंधरा दिवसांपूर्वी बोलले होते, मान ताठ करून.

आता ते नदीकाठी पहिल्या रांगेत, खुर्चीवर. समोर पाण्यात फोटोतली ती नाव दोरीला हिसके देत होती. पन्नास वर्षांपूर्वी मिस्त्रींनीच ती बांधली होती, आणि गावातला एक माणूस तिच्यातून पलीकडच्या घळईतून सुखरूप उतरला होता. त्याआधी कोणी उतरलं नव्हतं. बाकीचे नावाडी जगभर बसतात तसे बसायचे, प्रवाहाकडे पाठ करून, आणि न दिसलेल्या खडकावर आपटायचे. हा गडी तोंड पुढे करून बसला. खडक दिसला की पाय समोरच्या आडव्या पायपट्टीला रोवायचे, वल्ही छातीशी ओढायची, नाव रोखायची आणि बाजूला काढायची. गावाने आधी त्याला चिडवून उफराटा म्हटलं, मग कौतुकाने. आज त्याची नात तीच नाव घेऊन निघाली होती. रबरी नावेतून ती घळई चाळीसेक वेळा उतरली होती. आजोबांच्या नावेतून पहिल्यांदाच.

तिच्या हाती वल्हं द्यायचा मान मिस्त्रींचा. ते काठाशी गेले, वल्हं पुढे केलं, आणि सहज त्यांची नजर तिच्या पायांशी गेली.

पायपट्टीच्या हिरव्या रंगात खिळ्यांचे दोन खळगे. चार हवे होते. खळगेसुद्धा नाही, चार बोल्टांची डोकी.

वीस वर्षांपूर्वी उफराटा गेला आणि नाव चौकातल्या ओट्यावर ठेवायचं ठरलं. तोवर पायपट्टी कुजली होती. हिच्यात बसून कोण कुठे जाणार आहे, असं नगरपालिकेच्या कारकुनाने म्हटलं आणि मिस्त्रींनाही ते पटलं. खोक्याची फळी कापली, दोन खिळ्यांवर बसवली, वर रंगाचे तीन हात. अर्ध्या तासाचं काम. हात पुसले नि विसरून गेले. यंदा दुरुस्तीवाल्यांनी अख्खी नाव खोलली, तळाच्या फळ्या बदलल्या, पण पायपट्टीला कोणी बोट लावलं नाही. ती मिस्त्रींच्या हातची. एवढं मात्र विचारलं, पट्टी पक्की आहे ना? त्यावर ते ताठ मानेचं उत्तर.

दुरुस्तीवाला पोरगेला माणूस तीन हातांवर उभा होता. त्याच्यावर ढकललं असतं तर सहज खपलं असतं.

वल्हं मिस्त्रींच्या हातून सुटेना. नात हसली. “मिस्त्रीआजोबा, द्या की. का तुम्हीच येताय?”

“उतर खाली.”

“काय झालं?”

“ती पट्टी खोटी आहे.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो. मीच ठोकलीय. दोन खिळ्यांवर.”

नातीने त्यांच्याकडे पाहिलं, मग टाच उचलून पट्टीवर एकच लाथ घातली. फळी मधोमध मोडून तळाशी पडली. ध्वनिक्षेपक चालू होता. तो आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

“आम्ही तुम्हाला विचारलं होतं,” दुरुस्तीवाला हळूच म्हणाला.

“विचारलं होतंस. मी फुशारकी मारली.”

नगराध्यक्षांनी कार्यक्रम पुढे ढकलायचं सुचवलं. पण वरच्या बंधाऱ्याने एवढं पाणी बारापर्यंतच सोडलं होतं, यंदा एकदाच, खास यासाठी. अकराला दहा कमी होते. पाणी उतरलं की घळईतले खडकांचे दात वर येतात; रबरी नाव त्यांवरून घसरते, लाकडी फुटते. नात म्हणाली की ती पट्टीशिवाय जाईल, पाय बाकाखाली अडकवेल.

“आणि नाव उलटली तर पाय कोण सोडवणार?” मिस्त्री म्हणाले. “मी?”

मिस्त्री भलतीकडेच बघत होते. काठावरच्या चौथऱ्यावर, कापडाखाली, उफराट्याचा स्मृतिफलक होता. सागवानी, दोन बोटं जाड. तोही त्यांनीच केला होता, गेल्या महिन्यात. लांबी त्यांना पाठ होती. आणि तो खांबांना चार बोल्टांनी आवळला होता.

त्यांनी कापड ओढलं.

“अहो मिस्त्री, त्याचं अनावरण माझ्या हातून आहे,” नगराध्यक्ष म्हणाले.

“मग हा पाना धरा.”

नगराध्यक्षांनी खरंच धरला. नावेबरोबर आलेल्या ट्रकवाल्याकडून करवत आली, हातड्रिल आलं. फलक दोन बोटांनी लांब होता. मिस्त्रींनी जन्मसालाच्या बाजूने कापला. नावेच्या फासळ्यांमधली जुनी भोकं रंगाखाली तशीच होती. फलक आडवा लावताना नात अडली. “नावावर पाय देऊ आजोबांच्या?”

“कोरलेलं नाव पुढच्या अंगाला राहील. तुझ्याकडे फळीची पाठ.”

चौथा बोल्ट आवळला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. नातीने पाय रोवून तीनदा जोर लावला. नाव कुरकुरली, पट्टी नाही. तिने मिस्त्रींच्या हातून वल्हं घेतलं, आणि दोरी सुटली.

वळणापर्यंत ती दिसली. तोंड पुढे, पाठ गावाकडे. मग नुसतं पाणी.

ठरलं होतं असं: घळईच्या खालच्या अंगाला पोचली की दोन शिट्ट्या. एक म्हणजे मदत पाठवा. कोणी खुर्चीवर बसेना. नगराध्यक्षांच्या हातात अजून पाना. मिस्त्रींनी मोडकी फळी उचलली होती आणि खिळे नखाने उकरत होते. एक निघाला. दुसरा निघेना.

शिट्टी वाजली.

मिस्त्रींनी डोळे मिटले. पाणी, पाणी, पाणी.

दुसरी वाजली.

पन्नास वर्षांपूर्वी, पहिल्या फेरीच्या वेळी बाजारात बोल्ट मिळाले नव्हते, म्हणून उफराट्याच्या घराच्या पुढच्या दाराचे चार काढून पायपट्टीला लावले होते, आणि ते दार अकरा दिवस भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं.